तुमी लांब का सरकता?

मंगळवार, संध्याकाळ

टेंभुर्णीच्या त्या आईचा प्रश्न डोक्यातून जात नाही. तिचं कमी दिवसांचं बाळ आमच्याकडे काचेच्या पेटीत आहे. नाकातून पोटात जाणारी दुधाची नळी आज पुन्हा हलली. ती परत बसवल्यावर टोक कुठे आहे ते बघायला मी पुन्हा एक्स-रेचं मशीन घेऊन गेले. ती म्हणाली, "फोटोनं काय हुत न्हाय म्हणता, मग तुमी लांब का सरकता?"

"आम्ही दिवसभर हेच करतो, म्हणून. बाळाला किरण अगदी थोडे लागतात." खरंच आहे ते. मग माझा आवाज का पडला?

लांब का सरकता... डॉक्टरांशी बोलले. म्हणाले, नळीच्या टोकातून साधा प्रकाश सोडायचा, अंगाबाहेर येणारा त्याचा एकेक कण खास कॅमेऱ्याने टिपायचा आणि टोक कुठे आहे ते ओळखायचं, असे प्रयोग चालू आहेत. मग एक्स-रे नको. पण आपल्याकडे कधी येईल, कोण जाणे.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यील तवा यील. आज फोटो काढा, त्याला भूक लागली आसंल की."

किरण अडवणारा शिशाचा एप्रन घालून मी आज तिच्याजवळच उभी राहिले. फोटोत दिसलं, नळी नीट बसली होती. दूध सुरू झालं, तेव्हा ती बाळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.