बाई काय म्हणाल्या

अगं सुमन,

तू मुंबईला आल्यापासून तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. हाक मारली की तू असायचीस. आज लिहितोय, कारण काल तन्वीच्या शाळेत पालक सभा होती. तू गेल्यानंतरची पहिली. तुझ्या जागी मला जावं लागलं, आणि तिथे जे झालं ते दिनेशला सांगता येत नाही. मग कुणाला सांगू?

तुला माहीतच आहे, शाळेच्या पायऱ्या बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो. सातवीत शाळा सुटली, गोळा काही सुटला नाही. सदरा कुठला घालू, चपला वर्गाबाहेर काढायच्या का, बाईंनी एकदम काही विचारलं तर? या काळजीत इतक्या लवकर पोचलो की फाटकसुद्धा उघडलं नव्हतं. तन्वी म्हणाली, "आजोबा, परीक्षा तुमची नाहीये. टेन्शन नका घेऊ."

सगळं तू सांगायचीस तसंच आहे गं. मैदानातलं बदामाचं झाड, खिचडीचा वास, कारखान्यांचा आवाज नको म्हणून अर्धवट लावलेल्या खिडक्या. तू म्हणायचीस, "मी शाळेत गेले ती आई झाल्यावर." खिडकीजवळचा शेवटचा बाक तुझा. दिनेश दहावी होऊन बाहेर पडला तरी तू सभेला जातच राहिलीस. मरोळच्या कारखान्यांतून ज्यांना रजा मिळायची नाही, त्या सगळ्यांच्या पोरांची मावशी म्हणून. इस्त्रीची साडी नेसून निघायचीस आणि संध्याकाळी घरोघर सांगत फिरायचीस, बाई काय म्हणाल्या ते. बाहेरचे लोक नाक मुरडायचे, पालिकेच्या शाळेत काय शिकवणार म्हणून. आपल्या चाळीत मात्र शाळेला कुणी नावं ठेवलेली मला आठवत नाहीत.

आता चाळ नाही, बिल्डिंग आहे, आणि बिल्डिंगमधले बरेच जण पोरांना इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतायत. दिनेश आणि सूनबाईचंही तेच चाललंय. दोघांनाही रजा नव्हती. दिनेश म्हणाला, "बाबा, बाई काय म्हणतात ते ऐकून या. मग तन्वीला ठेवायचं की काढायचं ते ठरवू." तन्वीला विचारलं तर म्हणते, "शाळा झकास आहे, फक्त पंखे बोंबलतात. मला नाही जायचं दुसरीकडे." पोरीचं सगळं आता माझ्या सांगण्यावर आलं. झोप कशी लागणार?

सभेत पहिलाच उठला तो खालच्या मजल्यावरचा संजय. याच शाळेत शिकलेला, तुला मावशी म्हणणारा. "बाई, माझ्या पोराला अजून भागाकार येत नाही. तुम्ही करता काय?"

वर्गाच्या साळवी बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही त्याची वही शेवटची कधी उघडलीत?"

मग काय, वाट लागली. कुणी म्हणे इथे इंग्रजीच्या नावाने बोंब आहे, कुणी म्हणे शिक्षक सारखे सरकारी कामाला. बाई म्हणाल्या, पालक तोंड दाखवत नाहीत. संजय चिडून म्हणाला, "मावशी यायची तेव्हा तुम्ही असं बोलायचा नाहीत. पोरगा सावकाश शिकतो पण पक्कं शिकतो, असं सांगायचात."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी तर सांगायचे, तो वर्गात झोपतो."

मग बाईंनीच हळू आवाजात विचारलं, "आणि तुम्ही दर दिवाळीला निरोप पाठवायचात ना, बाईंमुळे पोरगं मार्गाला लागलं म्हणून?"

संजय डोकं खाजवायला लागला. "मी कधी बोललो असं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाई हसल्या, मग संजयही. "मावशी पण ना," म्हणाला. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान गरम झाले. मला तरी सांगायचं होतंस, सुमन. एवढी वर्षं एका ताटात जेवलो ना आपण?

तन्वीचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाल्या, "हुशार आहे, आजोबा. पण गणिताला घाबरते आणि चुका झाकते. घरी तिच्याशेजारी कुणी बसत नाही, हे कळतं." तन्वी खाली मान घालून बाकावर नखाने रेघा ओढत होती.

वाटभर तेच घोकत आलो. संध्याकाळी दिनेश हातपाय धुऊन बसला. "काय म्हणाल्या बाई?" तन्वी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "हुशार आहे म्हणाल्या. गणिताला जरा घाबरते. पण घरी तिच्याशेजारी कुणीतरी बसतं, हे कळतं म्हणाल्या."

"असं म्हणाल्या?"

मी पंखा लावायला उठलो. पंखा चालूच होता. तन्वी माझ्याकडे बघत राहिली, मग तिने तांब्या माझ्यापुढे धरला.

जेवल्यावर दिनेशने मोबाइल पालथा ठेवला. "तन्वे, आण गं गणिताचं पुस्तक." सूनबाईला म्हणाला, हे वर्ष राहू दे इथेच, पुढचं पुढे बघू.

दोघांची डोकी त्या पुस्तकावर वाकलेली बघितली आणि मला एकदम आठवलं. हे वाक्य माझं नव्हतंच. दिनेश लहान असताना मी कारखान्यातल्या पाळीवरून येऊन आडवा पडलो होतो, आणि तू सभेहून आलीस. "अहो, बाई म्हणाल्या, दिनेशच्या शेजारी घरी कुणीतरी बसतं, हे कळतं. तुमचं नाव घेतलं हो बाईंनी." मी तोवर एकदाही बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून बसायला लागलो. गणित मला कुठलं कळायला? पेन्सिलींना टोक काढून द्यायचो. पण बसायचो.

सुमन, खरं सांग, दिनेशच्या त्या बाई असं म्हणाल्या होत्या का?

आता निवृत्त झाल्यात, पण बाजारात भेटतात अजून. विचारता येईल. विचारणार नाही.

पुढच्या सभेलाही मीच जाईन. संजयला रजा नसली तर त्याच्या पोरासाठीही. पोटात गोळा येईल, येऊ दे. तुझ्या बाकावर बसेन, सगळं कान देऊन ऐकेन, आणि घरी येईपर्यंत बाईंचं बोलणं तुझ्यासारखं नीट करून आणेन.

ज्याला तू जन्मभर नुसतं 'अहो' म्हणालीस,
तो तुझा