हर्षचं दान

१२ जून २०२५, गुरुवार

एकोणीस मिनिटं. हर्ष जिंकला आणि गेला! नावापुढचा हिरवा ठिपका विझला. आता उद्या चारपर्यंत कोणी नाही.

१३ जून

सतरा मिनिटं.

१५ जून, रविवार

कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितो.

हा कॉम्प्युटरवरचा कवड्यांचा चौकाबारा माझ्या मुलाने, हर्षने, त्याच्या आईसाठी केला. कावेरीचे गुडघे गेले, जमिनीवर पट मांडून बसणं होईना. मग तो तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला येलहंक्याला, ती इथे राजाजीनगरात, रोज दुपारी चारला डाव. नोकरी सोडून गेम करत बसला होता तेव्हा मी म्हणालो होतो, "तीस वर्षांचा घोडा, अन् हे पोरखेळ!" चारचौघांत म्हणालो. त्याच आठवड्यात सामान घेऊन गेला. मला अण्णा म्हणतो. म्हणायचा.

कावेरीला जाऊन दहा महिने झाले. मार्चमध्ये एकदा तिच्या नावाने गेम उघडला, नुसता बघायला. पलीकडे ठिपका हिरवा झाला. कवड्या पडल्या. मी आहे हे त्याला पहिल्याच डावात कळलं असणार — कावेरी इतकी वाईट खेळत नव्हती. तेव्हापासून रोज खेळतो. एक शब्द नाही. फोन नाही. डाव संपला की तो जातो.

डाव लवकर संपू नये, एवढंच हवंय मला.

१८ जून

वरच्या मजल्यावरची सौम्या निपाणीची. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हे तिचं काम. तिला विचारलं, तयार गेमच्या पोटात हात घालता येतो का?

"ह्या वयात हॅकिंग, काका? पोलीस न्हेतील बघा!" खूप हसली. मग खुर्ची ओढून बसली.

"आधी प्रोग्राम लिहायला शिका. मग दुसऱ्याचा उसवायला."

२४ जून

एका अर्धविरामासाठी दोन तास! कारखान्यात बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे सुटे भाग एका केसाच्या फरकाने नापास केले. आता हे यंत्र मला नापास करतंय. बरोबर करतंय.

हर्ष हेच करत बसायचा, आणि मी दारातून टोमणे मारायचो.

२९ जून, रविवार

सापडलं!! पडद्यावर दान तीन असेल तर मेमरीत सगळीकडे तीन शोधायचे. हजारो निघतात. पुढचं दान दोन पडलं की त्या हजारांत आता दोन कुठे झाले ते बघायचं. असं चाळत चाळत शेवटी दोन जागा उरल्या. एक माझ्या दानाची, एक हर्षच्या. तिथला आकडा बदलून कुलूप लावता येतं, मग तो हलत नाही.

सौम्याला हाक मारली. ती गावाला गेलीय. मग एकट्यानेच चहा केला.

३० जून

बेत असा. शेवटची सोंगटी मधल्या घराच्या दारात आली की नेमका एक लागतो. हर्षची तिथे पोचली की त्याच्या दानाला चारचं कुलूप घालायचं. चार पडले तर आत कसा जाईल?

आणि मलाच एक पडला तर? त्याला कावेरीचं बटण आहे. ती पुढे असली की हातचं दान सोडून द्यायची. "राहू दे, पोराचा डाव लगेच संपतो." हर्षने तिच्यासाठी तसं बटणच ठेवलंय — 'राहू दे'. मी ते कधी दाबलं नाही. आलेलं दान कोण सोडतो!

१ जुलै

एक तास आठ मिनिटं!

दोघंही दारात. पहिला एक मलाच पडला. राहू दे. त्याला चार. मला दोन. त्याला चार. कवड्यांचा तो खुळखुळ आवाज घरभर. शेवटी त्याला कामं असतील म्हणून मीच आत गेलो, डाव संपवला.

५ जुलै

एक तास वीस मिनिटं. पोराला कोंडून ठेवल्यासारखं वाटतं. तिकडे वैतागत असेल. तरी खेळ सोडून जात नाही. आईच्या नावाचा मान ठेवत असेल.

मला लाज वाटते. उद्याही करणार आहे.

९ जुलै

आज त्याचा वाढदिवस. पन्नास मिनिटं.

१३ जुलै, रविवार

चारला सौम्या कॉफी घेऊन आली, माझी कर्तबगारी बघायला. तिने चौकाबारा कधी खेळलेला नाही. मी ऐटीत नियम सांगितले. चार किंवा आठ पडले की त्याच गड्याला आणखी एक दान.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "काका, त्याला आत्ता चार पडले की. मग आणखी एक दान कुठाय? तुमच्याकडं कसं आलं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पाच वर्षांचा असल्यापासून खेळतोय हा खेळ. तेरा दिवस रोज चार बघतोय, आणि रोज निमूट माझं दान टाकतोय. कावेरीने पहिल्याच चाराला पकडलं असतं.

"आकडा त्याच्या मशीनवर ठरत असतोय," सौम्या म्हणाली. "तुमी बदललाय तो फक्त तुमच्या पडद्यावरचा. त्याला खरं काय पडलं, ते तुमाला दिसलंच नाही."

"म्हणजे त्याला इतक्या दिवसांत एक पडलाच नाही?"

"पडला असंल की. चार दानांत एकदा तरी पडतोयच."

"मग आत का नाही गेला?"

तिने कॉफी संपवली.

१४ जुलै, सोमवार

आज कुलूप लावलं नाही. हर्षची सोंगटी दारात. दान पडलं — एक. सोंगटी हलली नाही. माझं दान आलं. थोड्या वेळाने त्याला पुन्हा एक. पुन्हा हलली नाही. असं पाच वेळा. मी पहिल्यांदा राहू दे दाबलं, त्या दिवसापासून तोही दाबतोय.

डाव तसाच ठेवून फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"अण्णा," म्हणाला, "तुमचं दान आहे."