तिरकं बसणं

४ जानेवारी
शेल्टरमध्ये नवा कुत्रा आला. आल्या आल्या पाणी ठेवणाऱ्याच्या बोटाला चावला. गळ्याभोवती साखळीचा वळ. नाकावर माशी बसू देत नाही, म्हणून सगळ्यांनी नाव ठेवलं — साहेब. अर्थातच तो माझ्या गळ्यात पडला.

रात्री जेवताना चिमीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज काय झालं बाबा, म्हणाली. मी दचकलो. तिने हात काढून घेतला. काही नाही, म्हणालो. खरंच काही नव्हतं.

७ जानेवारी
दिवसभर साहेबाच्या पिंजऱ्यात बसून. पाठ अर्धी त्याच्याकडे, नजर जमिनीवर, तळवा उघडा. अधूनमधून जांभई द्यायची. घाबरलेला कुत्रा जांभई देतो — शांत राहू या, भांडण नको. आपण ती त्याच्याकडूनच उचलली. हात पुढे करायचा नाही. त्याने यायचं.

शेल्टरच्या डॉक्टरीणबाई चिडवतात, झोपा काढायचा पगार घेता म्हणून. ही, चिमीची आई, असती तर हसली असती. ही गेल्यापासून मला हसू येत नाही, रडूही येत नाही. डोक्यात नुसता कापूस.

११ जानेवारी
चिमीच्या मावशीचा फोन. पोरीला माझ्याकडे पाठवा, तुमच्या घरात तिच्याशी बोलायला कोण आहे? मुद्दा बरोबर आहे.

चिमीला विचारलं. ती म्हणाली, "तू सांग ना बाबा." तुझी मर्जी, म्हणालो.

१५ जानेवारी
चिमी आता टेबलावर जेवत नाही. ताट घेऊन जमिनीवर बसते, माझ्या खुर्चीपासून हातभर लांब, तोंड खिडकीकडे. बोलत नाही. आज जांभईही दिली. झोप झाली नसेल.

१८ जानेवारी
साहेब थोडा पुढे सरकला. चिमीची पुन्हा जांभई.

२० जानेवारी
तोंड फिरवणं, नजर टाळणं, उगाच जांभया. कुत्रा असं कधी करतो ते मला कोणी शिकवायला नको, जन्म गेला त्यात. माझी पोर मला घाबरते!

लिहिलं आणि वाचून पाहिलं. दुखायला हवं होतं. मावशीला फोन केला — रविवारी येऊन घेऊन जा.

२३ जानेवारी
साहेबाने हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली. मी बोटं मिटली नाहीत. इथे घाई केली की सगळे कष्ट पाण्यात. आधी त्याला विसावू द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी काचेपलीकडून आवाज न करता टाळ्या वाजवल्या. पूर्वी अशा वेळी गळा दाटून यायचा. आज फक्त ओलं नाक लागलं, एवढंच.

घरी चिमी बॅग भरत होती. निळा स्वेटर आत घालायची, बाहेर काढायची. मी दारात उभा राहिलो. तशी ती खाली बसली, पाठ वळवली. एक हात फरशीवर, तळवा वर. तिला त्रास नको म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो.

२४ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचा कुत्रा कसा आहे? कुठला कुत्रा, म्हटलं.

"अहो, चिमी आली होती ना मध्ये, दहा-बारा दिवसांपूर्वी! तुम्ही साहेबाजवळ बसला होतात. मला विचारत होती, एखादा कोणालाच जवळ येऊ देत नसेल, हात लावला की दचकत असेल, तर काय करायचं? मी म्हटलं, बाबांकडे बघ, ते करतात तसं कर. किती वेळ काचेतून बघत उभी होती."

आमच्याकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता.

२५ जानेवारी
सकाळी चिमी बॅगेजवळ फरशीवर बसली होती, तोंड खिडकीकडे. मी खुर्ची सोडली. तिच्याशेजारी तिरका बसलो आणि तिच्या तळव्यावर हात ठेवला. तिने बोटं मिटली नाहीत. घाई केली नाही. मीच मिटली, आणि मला रडू आलं. मावशी बेल वाजवत राहिली.