जपून ठेवायचे शब्द

सर, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तरी तोंडातून चुकीचा शब्द गेला की माझी मान अजून खाली जाते. काल गेला.

सातवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'पेन्सिल हरवल्यामुळे मला यातना झाल्या.' तुम्ही वही वर्गासमोर धरलीत. "साहेब, पेन्सिल हरवली की वैताग येतो. फार तर चुटपुट लागते. यातना जपून ठेवा, पुढे लागतील." वर्ग हसला. शाळा सुटल्यावर तुम्ही मला बोलावून तुमचं कवितांचं पुस्तक दिलंत. ते वाचत चालताना मी घराची गल्लीच चुकलो होतो.

माझी नात वारज्याला एकटी राहते, आयटीत आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. बॉस 'पेन' असतो, म्हणजे डोकेदुखी, लिफ्ट बंद पडली की 'हॅसल', कामाच्या मावशी आल्या नाहीत की घराचा 'मेस'. मी म्हणतो, "अगं, याला आपल्याकडे कटकट म्हणतात." ती म्हणते, "आजोबा, कटकट म्हटलं की ती दिवसभर चालते. हॅसल कसा, दोन मिनिटांत संपतो." मला गंमत वाटते. हे शब्द कानावर पडले की पोर बरी आहे असं समजून मी निवांत चहा टाकतो.

काल फोनवर ती म्हणाली, "आजोबा, मला सहन होत नाहीये." एकही इंग्रजी शब्द नाही. मी इतका गडबडलो की तिच्याकडूनच शिकलेलं बोलून बसलो, "अगं, चिल." ती "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. आज सकाळपासून ती फोन उचलत नाही. फक्त निरोप आलाय, 'छोटासा हॅसल होता, आता ओके.' परवापर्यंत एवढ्यावर मी चहा टाकला असता. आज पातेलं हातात घेऊन नुसताच उभा राहिलो, आणि तुमची खोली आठवली. तुम्ही अंथरुणावर, मी दारातच. "कसं वाटतंय, सर?" "जरा कटकट आहे, इतकंच." मी परत फिरलो, पुन्हा आलो नाही. पंधरवड्यात तुम्ही गेलात.

वारज्याला जायला रिक्षा बोलावली आहे. तिथे दार उघडल्यावर काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. रिक्षावाला खाली हॉर्न देतोय. हा कागद तुमच्या पुस्तकात ठेवून निघतो. एक सांगायचं राहिलं, सर. तुमचा तो 'कटकट' शब्द मला तेव्हाही खरा वाटला नव्हता. घरी जायची घाई होती, म्हणून खरा मानला.