पाण्याला लवंगेचा वास

प्रिय बेकरीवाले,

नावाने हाक मारायची सवय आपल्याला लागलीच नाही. तुम्ही मला नुसतं 'बाई' म्हणायचात आणि आमच्या कागदांवर तुम्ही एक क्रमांक होतात. मागच्या आठवड्यात तुम्ही विद्यापीठाच्या सभागृहात आलात, बोललात, आणि मी गर्दीतून वाट काढत दारापर्यंत पोचेस्तोवर निघूनही गेलात. कडक इस्त्रीचा शर्ट, तरी कोपरापाशी पिठाचा पुसट डाग होताच. मी मागच्या रांगेपाशी हजेरीचे कागद सांभाळत उभी होते. तुम्ही मला पाहिलंत की नाही, कोण जाणे. नव्या संशोधकांना प्रामाणिकपणाचं प्रशिक्षण देणं हे आता माझंच काम झालंय. पोरं येतात ती प्रमाणपत्रासाठी, लक्ष सगळं मांडीवरच्या मोबाइलमध्ये. यंदा मीच सुचवलं, की ज्यांच्यावर आपण अभ्यास करतो त्यांनाही एकदा बोलू द्या. कोणाला बोलवायचं ते कार्यालयाने ठरवलं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मला कळलं की ते तुम्ही आहात.

तापानंतर वास येईनासा झालेल्या माणसांचा आमचा तो अभ्यास. दुपारची पावाची खेप भट्टीत घालून तुम्ही मागच्या खोलीत यायचात, पिठाच्या पोत्यांना टेकून बसायचात. मी एकेक बाटली तुमच्या नाकाशी धरायचे आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "पाणी." साबण असो, कॉफी असो, तुमचं आपलं पाणीच. "बाई, हे नाक आता फक्त चष्मा टेकवायला उरलंय." मी हसू दाबून लिहून घ्यायचे. तेवढ्यात गल्ल्यावरून तुमची ताई ओरडायची, "अरे, करपतंय!" आणि तुम्ही धावत सुटायचात. एकदाच गंभीर झालात. म्हणालात, पावाचं काय, ताई आहे सांगायला. पण गेलेल्या बायकोची शाल कपाटातून काढून नाकाला लावतो, तर हाताला लोकर लागते, बाकी काहीच नाही. त्या दिवशी मी पुढचा प्रश्न विचारू शकले नाही. तुम्ही उठून माझ्यासाठी चहा आणलात आणि त्यात साखर घालायला विसरलात. मी तो तसाच प्यायले.

मग एका दुपारी तुम्ही डोळे न मिटताच लवंग ओळखलीत. पुढच्या वेळी कॉफी, मग लिंबू. माझा आनंद गगनात मावेना. आमचे सर तर हरखूनच गेले. इतक्या दिवसांनी परतलेला वास म्हणजे मोठी गोष्ट होती, शोधनिबंध गाजला असता. आत काय आहे ते मलाही कळू नये म्हणून बाटल्यांवर फक्त आकडे असायचे. पण टोपणांवरच्या ओरखड्यांवरून मला त्या केव्हाच ओळखू यायला लागल्या होत्या. शेवटच्या भेटीत मी एक बाटली उचलली आणि मनात म्हटलं, ही लवंग. तुम्हीही वास घेऊन म्हणालात, "लवंग!" प्रयोगशाळेत येऊन आकडा ताडून पाहिला, तर आत साधं पाणी. धुताना टोपणांची अदलाबदल झाली होती. पाण्याला लवंगेचा वास आपल्या दोघांनाच आला. तुम्ही बाटलीचा वास घेतच नव्हतात, माझा चेहरा वाचत होतात.

मी तशीच सरांकडे गेले. ते म्हणाले, "त्यांचे सगळे आकडे बाद. आणि तुझं तिकडे जाणंही." नीतिसमितीनेही तेच ठरवलं. वर असंही, की कारण तुम्हाला सांगायचं नाही, उगाच तुमच्या मनाला लागेल. तुमचा भाग संपला एवढंच कळवायला तुमच्याकडे दुसऱ्याला पाठवलं. मी तुमचा रस्ता टाळायला एक थांबा आधीच बसमधून उतरू लागले. तरी वारा तिकडून असला की गरम पावाचा वास यायचा आणि मी फुटपाथवर थांबायचे. तुम्हाला येत नाही तो वास मला किती छळतो, हे कोणाला सांगणार?

आणि सभागृहात तुम्ही त्या पोरांना म्हणालात, "मला कसलाच वास येत नव्हता. एकेका वासाचं नाव पुटपुटत मी बाईंच्या तोंडाकडे बघायचो. बरोबर आलं की काय खुलायच्या त्या! मग यायच्याच बंद झाल्या. माझी लबाडी पकडली असणार, रागावल्या असणार. माफी मागायची राहून गेली." पोरं आधी हसली, मग त्यांनी मांडीवरचे मोबाइल उलटे ठेवले. जाताना तुम्ही सगळ्यांना पत्ता सांगितलात, म्हणालात, पाव घ्यायला या कधीतरी.

मी रागावले नव्हते हो. तेवढंच सांगायचं असतं तर चिठ्ठी पुरली असती. बाटलीत पाणी निघालं त्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं, "याच बाटल्या तू बाकीच्यांकडेही नेतेस. त्यांना कसा नाही कळला तुझा चेहरा?" मी खरं ते सांगितलं. बाकीच्यांकडे मी कामाला जायचे, तुमच्याकडे मला जावंसं वाटायचं. हे मी सरांना सांगितलं, समितीतल्या अनोळखी माणसांसमोर सांगितलं. ज्यांना सांगायचं त्यांनाच तेवढं सांगायची मुभा नव्हती. आता तो अभ्यास संपला, निबंधही छापून आला, तुमच्या आकड्यांशिवाय. काल समितीच्या अध्यक्षबाईंना विचारायला गेले, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, पाव आणायला कसली परवानगी मागतेस?" तर रविवारी सकाळी येते. नको असेल तर ताईकडून तसं कळवा. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण मी येणार नाही. आणि यायला हरकत नसेल, तर काहीच कळवू नका. मी दारात उभी राहीन. या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे दिसेल, ते खुशाल वाचा.

तुमचीच