गोळीवर दूध

४/११ मंगळ.
सूनबाईचा, वैशालीचा, रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइडचा आकडा मागच्यापेक्षा वाढलाय, म्हणजे गोळी पुरत नाही. नुकता कुठं चौथा महिना लागला नि हे. डॉ.बाई म्हणाल्या, गोळी चुकते का? मीच पुढं होऊन सांगितलं, एक दिवस नाही. मी पाचला पूजेला उठते तेव्हा मीच तिच्या हातात देते. अंबाबाई, सांभाळ.

५/११ बुध.
वै. डबा विसरली, तो द्यायला तिच्या प्रयोगशाळेत गेले. टाक्यांत अर्ध्या बोटाएवढे पट्टेरी मासे. झेब्रा मासे म्हणे. भिंगातून पिल्लं दाखवली. काचेसारखी, काळीज उडताना दिसतं. एका बशीत थायरॉइड बंद पाडायचं औषध घातलेलं. त्यातली खुरटलेली, जबडा आत. पोटातली हवेची पिशवी भरलीच नाही, म्हणून तळाला पडून.
विचारलं, पिल्लाची स्वतःची थायरॉइडची गाठ तयार व्हायच्या आधी कसं भागतं?
“ते हार्मोन आईच अंड्यात भरून देते. माणसातपण सुरुवातीला आईकडूनच.”


६/११ गुरु.
लिहूनच टाकते. गोळीनंतर तासभर काही नको, असं वै.नं पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण हे फिरून येताना म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणतात. “गार झाल्यावर काय ऱ्हातंय त्यात? पाज की लगेच.” टाकवत तर नाही. ती अर्धवट झोपेत पिते नि परत आडवी होते. तिला वाटतं तास झाला. पाव तासही होत नाही. दोन महिने, रोज.
आज आडून विचारलं, गोळीवर दूध घेतलं तर?
“गोळी अंगाला लागत नाही, आई. का हो?”
म्हटलं, शेजारीण विचारत होती. देवघरासमोर उभी राहून खोटं…

८/११ शनि. संकष्टी.
सांगून टाकलं. वै.नं आधी डॉ.बाईंना फोन लावला.
हे मधेच, “आमच्या आईनं पाच पोरं ह्याच दुधावर वाढवली की.”
“त्यांना गोळी नव्हती, बाबा.”
ह्यांना ती पहिल्यांदाच उलटून बोलली. माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

९/१२ मंगळ.
गोळी आता स्वतः गजर लावून घेते. दूध दुपारी. आजचा रिपोर्ट ताळ्यावर आलाय. डॉ.बाई म्हणाल्या, इथून पुढं ठीक. मागच्या दोन महिन्यांचं आत्ताच काही सांगता येणार नाही.
संध्याकाळी दोघी मेथी निवडत होतो. धीर करून विचारलं, औषध काढून घेतल्यावर ती तळाची पिल्लं वर येतात का गं?
“काही येतात.”
बाकीची?
काड्या बाजूला सारल्या तिनं. “अजून बघतेय, आई.”