पंचवीस काडतुसांचा वाटा

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

बाबांच्या मृत्युपत्राची प्रत आली. नाशिकचं घर, मागची जागा – देवीदासदादाला. मला – काडतुसांची पेटी! बारा बोअर, पंचवीस नग, आजोबांच्या वेळची, सीलसुद्धा न फोडलेली. पाठशाळेत दायभाग, म्हणजे वारशाची वाटणी, शिकलो तेव्हा संपत्तीचे दोनच प्रकार होते, स्थावर आणि जंगम. बाबांनी तिसरा घातला – स्फोटक.

लहानपणी दसऱ्याला दादा बंदुकीला गंध लावायचा, मी पेटीला. म्हणजे वाटणी तेव्हाच झाली होती. मला कळायला पन्नाशी उलटली.

बंदूक मागेच एका निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा झाली, ती तिथलीच झाली. आता परवानेदार बाबाच गेले, तर पेटीही महिनाअखेर आणून द्या म्हणतात ठाण्यातले.

मधुरा म्हणाली, "बावीस वर्षांत एकाही दसऱ्याला नाशिकला गेला नाहीस. पेटी तरी मिळाली!" बायको बोलते ते खरं असतं, म्हणून तर राग येतो.

५ ऑक्टोबर

ठरलं. पेटीची किंमत काढायची. पैसे नकोत – ती इथे कतारला आणता येत नाही, तिथे ठेवता येत नाही. आकडा हवा. जाणकाराचा, कागदावर. दादाच्या समोर धरायला – बघ, बाबांनी मला अडगळ नाही दिली.

माझ्याही समोर धरायला. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

कैवल्य – "इज इट इव्हन लीगल, बाबा?" मी मराठीत सविस्तर उत्तर दिलं. त्यानं हेडफोन घातले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अल दुहैलला गेलो. तिथे एका कतारी गृहस्थांचा खासगी संग्रह आहे – खंजीर, दुर्बिणी, जुन्या बंदुका. मागे आमच्या पेपरात मीच त्याची बातमी दिली होती. सांभाळतो मुदस्सिर, मूळचा हैदराबादचा. दादानं पाठवलेले फोटो त्यानं मोठे करकरून पाहिले.

मी विचारलं, जुन्या काडतुसांना कोण विचारतं?

"गोली कौन देखता मियाँ? डब्बा देखते! डब्बा साबूत, सील साबूत, लेबल साफ – तो शौकीन लोगां पीछे पड़ते." मग झाकणाच्या फोटोवर बोट ठेवलं. "ये लाल दागां कायके? खून?"

"कुंकू."

"ऊपर च ऊपर कुंकू! दागां नहीं रहते तो बात अलग थी." मग म्हणाला, "पाँच च फोटो हैं. तले का भेजो. नंबर तले रहता."

११ ऑक्टोबर

दादाला फोन. म्हटलं, ओल्या फडक्यानं झाकण पूस.

"आईचं बोट आहे ते, शशी. दर दसऱ्याला लावायची. मी नाही पुसणार."

"पेटी कुणाची आहे?"

तिकडे त्यानं टीव्ही बंद केला.

"आणि खालच्या बाजूचा फोटो?"

"पेटी उलटी करायची नाही. बाबांनी बजावलंय. उडेल म्हणायचे."

साठीचा माणूस! पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या बाबांचं स्फोटकशास्त्र अजून प्रमाण मानतो. म्हटलं, राहू दे तुझा तळ, झाकण तेवढं पूस. मृत्युपत्रातलं कलम वाचून दाखवलं. दोनदा.

१४ ऑक्टोबर

पुसलं. नवा फोटो आला. खाली दादाचा मेसेज – "झालं समाधान?"

झाकण पांढुरकं. चहा घेतला, वेस्ट बेला पत्रकार परिषद होती, गेलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मुदस्सिरनं फोन माझ्या हातात परत दिला. "साफ करने कू किसने बोला?"

"तुम्हीच म्हणालात, डाग नसते तर –"

"नहीं रहते तो, बोला. पोंछो, नहीं बोला! पुट्ठा फूल गया, लेबल उखड़ गया. दाग के साथ कुछ तो था, मियाँ. अब खलास."

आकडा? शून्य. तोही तोंडी, कागदावर द्यायला त्याला लाज वाटली.

बाहेर पडलो. टॅक्सीत बसून नजमाला घरी पोचेपर्यंत आईचं बोट कसं होतं ते आठवत होतो. अनामिका वाकडी होती. नीट आठवत नाही.

१७ ऑक्टोबर

दादाला कळवलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. घरात कुणी बहीण नाही, तरी मधुरानं ताट केलं, कैवल्यला ओवाळलं. बाबा माझ्यावर कशानं रुसले होते, विचारायला कुणी उरलं नाही. मी इकडे निघून आलो म्हणून? मग तसं लिहायचं होतं. व्याकरण शिकवलेल्या मुलाला काडतुसांत निरोप कशाला!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दादानं आज पेटी ठाण्यात जमा केली. हवालदारानं नंबर टिपायला ती उलटी केली. दादानं तिथेच फोटो काढून पाठवला.

तळाला बाबांचं अक्षर, पेन्सिलीत – "शशीच्या वतीने." खाली साल, समोर गंधाचा ठिपका. २००३. २००४. असे बावीस. शेवटचे तीन थरथरलेले.

त्याखाली २०२५ आधीच लिहून ठेवलंय. समोर जागा मोकळी.